सुझुकीला हाकललं हे खरं, पण तो संपला नव्हता

जपानी गँगस्टर सिनेमाचा विषय निघाला की एक किस्सा हमखास ऐकायला मिळतो, की दिग्दर्शक सेइजुन सुझुकीने 'ब्रँडेड टू किल' हा पिक्चर असा काही विचित्र काढला की निक्कात्सु स्टुडिओने त्याला हाकलला आणि बिचाऱ्याने परत कधी कॅमेऱ्याला हात लावला नाही.

अर्धं खरं आहे. पिक्चर १९६७ चा, ब्लॅक अँड व्हाइट, हिरो म्हणजे भाडोत्री मारेकरी आणि त्याला गरम भाताच्या वासाचं वेड, म्हणजे अक्षरशः कुकरमध्ये नाक खुपसून बसतो (मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मलाही घंटा काही कळलं नव्हतं). स्टुडिओचा अध्यक्ष होरी म्हणाला, याचे पिक्चर कोणाला समजत नाहीत, आणि १९६८ मध्ये नारळ दिला. वर त्याचे जुने पिक्चर दाखवायलाही बंदी! मग पोरं रस्त्यावर उतरली, मोर्चे निघाले.

पण सुझुकी गप्प बसला नाही ना, त्याने सरळ कंपनीवर केस ठोकली आणि १९७१ मध्ये तडजोड होऊन पैसे पण मिळाले. मोठे स्टुडिओ मात्र त्याला दारात उभं करत नव्हते, म्हणून मधली वर्षं टीव्ही, जाहिराती असं चालू होतं. १९७७ ला परत आला आणि १९८० चा 'त्सिगॉयनरवायझेन' तर जपान अकादमीचा बेस्ट पिक्चर ठरला. २००१ मध्ये म्हाताऱ्याने परत मारेकऱ्यांवरच 'पिस्टल ऑपेरा' काढला, तेही पंचाहत्तरी उलटल्यावर.