इंडियमचा अणुभार ७६ की ११३?

दिमित्री मेंडेलीव्हने १८६९ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये पहिली आवर्तसारणी छापली, तेव्हा तिच्यात इंडियमचा अणुभार ७५.६ असा दिला होता आणि पुढे प्रश्नचिन्ह होतं. तेव्हा ६३ मूलद्रव्यं माहीत होती. ती अणुभाराच्या चढत्या क्रमाने लावली की ठरावीक अंतराने सारख्या गुणांची मूलद्रव्यं परत येतात, एवढं सांगून पाठ्यपुस्तक पुढे सरकतं. पण मुळात हे अणुभार आले कुठून? एकटा अणू तराजूत घालायची सोय नव्हती.

प्रयोगशाळेत मोजता येत होता तो सममूल्यभार, म्हणजे ८ ग्रॅम ऑक्सिजनशी मूलद्रव्याचे किती ग्रॅम संयोग पावतात तो आकडा. धातूचा वजन केलेला तुकडा नायट्रिक आम्लात विरघळवायचा, द्रावण आटवायचं आणि उरलेला क्षार वजन स्थिर होईपर्यंत तापवायचा. शेवटी ऑक्साइड उरतं. जेवढं वजन वाढलं तेवढा ऑक्सिजन. तापवणं अर्धवट राहिलं तर थोडं नायट्रेट शिल्लक राहतं, वजन जास्त भरतं आणि सममूल्यभार कमी येतो. इंडियमचा सममूल्यभार ३७.८ धरला जात होता. आजचा आकडा ३८.३ आहे, म्हणजे मोजमाप वाईट नव्हतं.

घोटाळा पुढच्या पायरीवर होता. अणुभार म्हणजे सममूल्यभार गुणिले संयुजा (एक अणू हायड्रोजन किंवा क्लोरीनच्या किती अणूंशी जोडला जातो तो आकडा), आणि संयुजा तराजू सांगत नाही. इंडियम १८६३ साली जर्मनीतल्या फ्रायबर्ग इथे राइश आणि रिख्टर यांना जस्ताच्या खनिजात सापडलं. (वर्णपटातली त्याची रेघ निळीच्या रंगाची, म्हणून हे नाव. राइशला रंग नीट ओळखता येत नसत, त्यामुळे ती रेघ पाहायचं काम रिख्टरकडे होतं.) जस्ताच्या सोबतीला सापडलं म्हणून जस्तासारखीच संयुजा २ धरली गेली. ३७.८ दुणे ७५.६.

आता हे बसवायचं कुठे? आर्सेनिक ७५ वर, सेलेनियम ७९ वर. एकाची जागा फॉस्फरसखाली, दुसऱ्याची गंधकाखाली, दोन्ही पक्क्या. मध्ये रिकामी जागाच नाही, आणि तिथे धातू शोभतही नाही. मेंडेलीव्हने संयुजा ३ धरली आणि अणुभार ११३.४ आला. कॅडमियम ११२, कथील ११८, आणि बरोबर त्यांच्यामध्ये, ॲल्युमिनियमच्या रांगेत, एक जागा मोकळी होती.

याला स्वतंत्र पुरावाही मिळाला. घन मूलद्रव्याचा अणुभार आणि विशिष्ट उष्मा (एक ग्रॅम पदार्थ एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता, कॅलरीत) यांचा गुणाकार साधारण ६ च्या आसपास येतो, हा ड्यूलाँग आणि पेटी यांचा १८१९ चा नियम. इंडियमचा विशिष्ट उष्मा ०.०५७. ७५.६ ने गुणला तर ४.३, ११३.४ ने गुणला तर ६.५. निकाल लागला.

बेरिलियमने मात्र याच कसोटीला चकवलं. त्याचा सममूल्यभार ४.७ च्या जवळ. संयुजा ३ धरली तर अणुभार १४, म्हणजे थेट नायट्रोजनच्या जागेवर. २ धरली तर ९.४, लिथियम आणि बोरॉन यांच्यामध्ये. मेंडेलीव्ह ९.४ वर ठाम होता. पण विशिष्ट उष्मा आला सुमारे ०.४१, आणि त्याला १४ ने गुणलं की ५.७ येतं. नियम चक्क चुकीच्या बाजूने साक्ष देत होता! कारण बेरिलियमचे अणू हलके आणि घट्ट बांधलेले. नेहमीच्या तापमानाला ते पुरेशी उष्णता घेतच नाहीत. वाद मिटला तो १८८४ साली, निल्सन आणि पेटरसन यांनी बेरिलियम क्लोराइडच्या वाफेची घनता मोजली तेव्हा. रेणुभार ८० च्या आसपास निघाला, म्हणजे एका अणूला दोनच क्लोरीन. तीन असते तर तो १२० भरला असता. माझ्या मते तेव्हा न सापडलेल्या गॅलियम, जर्मेनियमबद्दल मेंडेलीव्हने केलेल्या गाजलेल्या भाकितांइतकंच श्रेय या दुरुस्त्यांना द्यायला हवं. भाकितं तरी कशावर उभी होती? गॅलियमचा अंदाज शेजाऱ्यांच्या सरासरीवर बांधला होता: वर ॲल्युमिनियम २७, खाली इंडियम ११३, शिवाय आजूबाजूचे. अंदाज आला ६८, प्रत्यक्षात ६९.७. इंडियम ७६ वरच राहिलं असतं तर खालचा शेजारी कुठून आणणार?

एका ठिकाणी मात्र मेंडेलीव्हचा हट्ट चुकला. गुणांप्रमाणे टेल्युरियम आधी आणि आयोडिन नंतर यायला हवं, पण आयोडिन १२७ आणि टेल्युरियम त्याहून जड. जागा त्याने गुणांवरून दिल्या, ते बरोबरच केलं. पण टेल्युरियमचं वजन चुकलंय, खरं वजन १२३ ते १२६ च्या दरम्यान असणार, असं तो धरून बसला. रसायनशास्त्रज्ञांनी टेल्युरियम पुन्हा पुन्हा शुद्ध करून तोललं. आकडा काही खाली येईना.

१९१३ मध्ये हेन्री मोझलीने मूलद्रव्यांचे क्ष-किरण मोजले. वारंवारतेचं वर्गमूळ एकेका घराला सारख्या पायरीने वाढत होतं, आणि या क्रमात कोबाल्ट निकेलच्या आधी आलं, वजन जास्त असूनही. क्रम ठरतो तो केंद्रकावरच्या धनप्रभारावरून, म्हणजे अणुअंकावरून. टेल्युरियम ५२, आयोडिन ५३. आयोडिनचं निसर्गात एकच समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचा, पण ठरावीक वजनाचा अणुप्रकार) आहे, १२७ चं. टेल्युरियमची अनेक आहेत, पण जवळजवळ दोन तृतीयांश भाग १२८ आणि १३० या जड समस्थानिकांचा; म्हणून सरासरी १२७.६. तराजू पहिल्यापासून खरंच सांगत होता.