घरट्यावरील पक्षिछायाचित्रण

विणीच्या हंगामात घरटे, त्यातील अंडी व पिल्ले आणि तेथे ये-जा करणारे नर-मादी यांची छायाचित्रे घेण्याची पद्धती. येथे मुख्यतः बागेत वीण करणाऱ्या गायक पक्ष्यांचा विचार केला आहे. एरवी क्षणभरही न थांबणारा पक्षी या काळात ठरावीक फांदीवर पुन्हापुन्हा येतो. त्यामुळे फिल्मऐवजी काचपट्ट्यांवर चित्रे घेणाऱ्या आरंभीच्या छायाचित्रकारांना हाच विषय आवाक्यातला वाटला.

उगम : पहिले छायाचित्र कोणाचे, याबद्दल एकमत नाही. बॉस्टनचे चार्ल्स ए. ह्युइन्स यांनी सु. १८७० मध्ये स्ट्रासबर्ग येथे घरट्यावरील पांढऱ्या करकोच्याचे चित्र घेतले. काही लेखक अग्रमान त्यालाच देतात. परंतु करकोच्याचे घरटे छपरावर, उघड्यावर असते आणि हा मोठा पक्षी तेथे बराच वेळ निश्चल उभा राहतो. झुडपातल्या घरट्याच्या अडचणी तेथे नव्हत्याच. रिचर्ड (१८६२–१९२८) व चेरी (१८७१–१९४०) हे यॉर्कशरचे कीर्टन बंधू. त्यांपैकी चेरी यांनी १० एप्रिल १८९२ रोजी साँग थ्रश या गायक पक्ष्याच्या अंडी असलेल्या घरट्याचे छायाचित्र घेतले. या चित्रात पक्षी नाही, हा त्यावरील आक्षेप रास्त आहे. ब्रिटिश छायाचित्रकार रेजिनल्ड लॉज यांनी १८९५ मध्ये अंड्यांवर बसलेल्या टिटवीचे चित्र मिळवले. मात्र टिटवी गायक पक्ष्यांत मोडत नाही आणि तिची अंडी जमिनीवर असतात. बागेतील घरट्यापुरते पाहता कीर्टन बंधूंकडे अग्रमान जातो, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. ‘ब्रिटिश बर्ड्‌स नेस्ट्स’ (१८९५) या त्यांच्या ग्रंथात प्रत्यक्ष निसर्गात घेतलेली छायाचित्रे होती आणि या छंदाचा प्रसार त्यातून झाला.

तंत्र : घरटे झाकणारी पाने पिल्लांना ऊन आणि शत्रू यांपासून वाचवतात, छायाचित्रकाराला नेमकी तीच आड येतात. कीर्टन बंधूंनी स्वतःला लपवण्यावर भर दिला. बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल करून त्यात ते कॅमेऱ्यासह बसत. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ फ्रान्सिस हेरिक यांनी १९०१ मध्ये उलट मार्ग मांडला : फांदी घरट्यासकट कापून सोयीच्या उजेडात रोवायची आणि शेजारी तंबू उभारून आत बसायचे. पिल्ले काही दिवसांची झाली की आई-बापांची ओढ इतकी तीव्र असते, की ते नव्या जागीही येतात, असा त्यांचा अनुभव होता. संगोपनाच्या वर्तनाची जवळून निरीक्षणे या पद्धतीने मिळाली हे खरे. तरी आज ती समर्थनीय ठरत नाही. उघड्या पिल्लांना थेट ऊन थोड्याच वेळात मारक ठरू शकते. फांदी न कापता पाने नुसती बांधून ठेवण्याचा सौम्य प्रकार पुढे रूढ झाला. तोही निर्धोक नाही, कारण कावळे व मांजरे उघडे पडलेले घरटे हेरतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर इलेक्ट्रॉनिक फ्लॅशमुळे पंखांची हालचाल गोठवता येऊ लागली. ब्रिटनमध्ये त्याच्या प्रसारात छायाचित्रकार एरिक हॉस्किंग (१९०९–९१) यांचा वाटा मोठा आहे. १९३७ मध्ये घुबडाच्या हल्ल्यात त्यांचा एक डोळा गेला, तरी त्यांचे काम थांबले नाही.

पक्ष्यांवरील परिणाम : युरोपीय रॉबिनची अंडी सु. दोन आठवडे उबवली जातात व पिल्ले तितकाच काळ घरट्यात असतात. एवढ्या छोट्या अवधीत अर्ध्या दिवसाचा अडथळाही महागात पडतो. अंड्यांच्या काळात मादी घरटे सोडून देण्याचा धोका असतो. पिसे फुटलेली पिल्ले घाबरून वेळेआधीच बाहेर उड्या टाकतात.

कायदा : ब्रिटनच्या १९८१ च्या कायद्यानुसार पहिल्या परिशिष्टातील (विशेष संरक्षित) पक्ष्यांना, उदा., डार्टफर्ड वटवट्याला, घरट्याजवळ व्यत्यय आणण्यास मनाई असून अशा छायाचित्रणास परवाना लागतो. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या संज्ञेच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणे अंतर्भूत आहे.

भारत : ई. एच. एन. लोदर यांचा भारतातील पक्षिछायाचित्रणावरील ग्रंथ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. सिंगापूरचे पक्षिछायाचित्रकार लोक वान थो (१९१५–६४) यांनी सलीम अली यांच्याबरोबर भारतात पक्ष्यांची छायाचित्रे घेतली. महाराष्ट्रातील बागांत दयाळ, बुलबुल, शिंपी व सूर्यपक्षी यांची घरटी आढळतात. शिंप्याचे घरटे जिवंत पाने शिवून केलेले असते. चित्रासाठी पान बाजूला ओढले, तर टाकेच उसवतात.