मातीचा बैल, धांड्यांचा मखर: विदर्भातल्या घरगुती सणवस्तूंची पार्श्वभूमी

पोळा आठवड्यावर आला की नाल्यावरून काळी माती आणायचं काम आमच्याकडे लेकरांचं असे. ती नुसती मळून बैल केला तर वाळताना तडकतो, कारण काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आकसते. म्हणून आजी वातींसाठी ठेवलेल्या कापसातला एक पुंजका पिंजून मातीत मिसळायची. पायांत तुराटीच्या काड्या, डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दाणे, आणि मग ओसरीच्या सावलीत वाळवण. उन्हात ठेवला की कापूस घालूनही भेग पडायची. धाकट्याचा बैल दरवर्षी बुटका व्हायचा, पण पूजेला त्याचीही जोडी मांडली जायची.

घरच्या घरी काहीतरी करून सणाला एकमेकांना द्यायचं, याला आज आपण काटकसर म्हणतो. विदर्भाच्या खेड्यांत ही रीत शेतीच्या वर्षातून आलेली आहे. ज्या महिन्यात शिवारात जे हाताशी असे, त्याचीच सणाची वस्तू होई. श्रावणात ओली माती, आश्विनात कणसावर आलेली ज्वारी, फाल्गुनात शेण आणि पळसाची फुलं. होळीच्या आठ-दहा दिवस आधीपासून पोरी शेणाच्या चाकोल्या थापत, मधोमध बोटाने भोक पाडत आणि वाळल्या की सुतळीत ओवून होळीला माळ घालत. पळसाची फुलं उकळून रंग व्हायचा. विकतच्या फक्त साखरेच्या गाठ्या.

सगळ्यात मोठा देण्याचा सण मात्र पोळाच, आणि तिथे भेटवस्तू मिळते ती बैलाला. आदल्या संध्याकाळी त्याचे खांदे हळद-लोण्याने शेकायचे आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असं त्याला सांगायचं. त्याच्यासाठी नवी वेसण, नवा कासरा. अंबाडीची धांडं पाण्यात कुजवून वाख काढायची आणि पावसाळ्याच्या रिकाम्या दुपारी घरातल्या म्हाताऱ्यांनी मांडीवर पीळ देत दोर वळायचा. कपाळावरच्या मठाट्या, घुंगरमाळा बाजारातून येत, झूल मात्र कित्येक घरी जुन्या लुगड्याचीच शिवलेली असे. सजलेल्या जोड्या तोरणाखाली उभ्या राहिल्या की ‘एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव’ म्हणत झडत्या (पोळ्याची गाणी) सुरू. झडत्याही घरच्याच, त्या-त्या वर्षीच्या पिकापाण्यावर रचलेल्या.

दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा ही खास विदर्भाची गोष्ट. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजींनी, म्हणजे १७८८ ते १८१६ या त्यांच्या कारकिर्दीत, तो सुरू केला असं नागपुरात परंपरेने सांगतात. खऱ्या बैलाजवळ जायला भिणाऱ्या लेकरांना त्यांचा स्वतःचा लाकडी बैल मिळाला. खेड्यात हा नंदी गावचा सुतार करून देई आणि त्याचं मोल बलुत्याच्या धान्यात फिटे. ज्याच्याकडे लाकडाचा नाही, त्याच्या हातात मातीचा. नंदी सजवून पोरं घरोघर जात, आयाबाया नंदीची पूजा करत आणि पोरांच्या हातावर बोजारा ठेवत. कुठे पाच-दहा पैसे, कुठे मूठभर फुटाणे. पोराने सजवलेला बैल दाखवायचा आणि घराने काहीतरी द्यायचं, इतका साधा हा व्यवहार आहे.

मुलींच्या वाट्याला भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेला भुलोजी आणि भुलाबाई (शंकर-पार्वती) मांडायच्या, कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी गाणी म्हणायची. गाणी झाली की खाऊ ओळखायचा. डबा कानाशी हलवून दाखवायचा, ‘गोड की तिखट’ विचारायचं आणि कोणी नाव बरोबर सांगितलं की झाकण उघडायचं. वस्तू फुटाण्यांइतकी स्वस्त असली तरी ती लपवण्यात घरातली सगळी बायामाणसं गुंतलेली. मला तर भेटवस्तू गुंडाळून देण्याची याहून सुंदर रीत माहीत नाही. शेवटच्या रात्री कणसासकट ज्वारीची पाच धांडं उभी बांधून मखर करायचा, त्यात भुलाबाई बसवायची आणि घरातल्या पहिल्या लेकराला ओवाळायचं. उरलेल्या धांड्यांवर पोरांचा हक्क. सालपट आणि आतला भेंडासारखा गाभा यांपासून बैलगाडी व्हायची, चष्मा व्हायचा.

याच महिन्यात, भाद्रपद वद्य द्वादशीला, गांधीजींची तिथीने जयंती येते. आपला वाढदिवस त्यांनी चरखा जयंती म्हणून साजरा करायला सांगितला होता, आणि फुलांपेक्षा हातकताईच्या सुताचा हार त्यांना प्रिय होता. हातच्या वस्तूला शिक्षणात आणि अर्थकारणात मान देण्याचा मोठा प्रयत्न विदर्भातच झाला. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचं केंद्र वर्ध्याची मगनवाडी होती आणि काम गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा पाहत. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योग मध्यभागी ठेवणारी नई तालीम मांडली गेली. १९३८ मध्ये ग्रामोद्योगाच्या वस्तूंचं मगन संग्रहालय उघडलं. टकळी, चरखा, हातकागद हे त्यामुळे शाळेच्या दप्तरापर्यंत आले. मात्र मातीचा बैल करायला आजीने कुठल्या शाळेची वाट पाहिलेली नव्हती, हेही नोंदवलं पाहिजे.

दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या, बांबूच्या कमच्यांची गोष्ट जरा वेगळी. सूप-टोपल्या विणणाऱ्या बुरडाकडे उरलेल्या कमच्या फुकट मिळत, वर पतंगी कागद आणि कणकेची खळ. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला झाडांत गणलं होतं, त्यामुळे जंगलाशेजारी राहूनही तो तोडायला-न्यायला परवाना लागे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतः देण्याचा अधिकार मिळाला, आणि २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून वगळला. आज मेळघाटातले कारागीर बांबूच्या राख्या करतात.

या वस्तू मागे पडल्या त्याला निव्वळ बाजारातलं प्लास्टिक जबाबदार नाही. सोयाबीन आलं तशी ज्वारी गेली, ट्रॅक्टर आले तशा गोठ्यातल्या जोड्या कमी झाल्या, अंबाडी भाजीपुरती बांधावर उरली. माती अजून तीच आहे, म्हणून मातीचे बैल अजून होतात. धांड्यांचं तसं नाही. आमच्या गावात आता एकाच घरी दोन तासं (ओळी) ज्वारी पेरतात, तीही पाखरांसाठी. कोजागिरीच्या सकाळी पोरी तिथे पाच-पाच धांडं मागायला जातात, आणि घरची म्हातारी विळा घेऊन आधीच बांधावर उभी असते.