टॅगबाहेरचे तीन बाइट

नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका संत्र्याच्या अडत्यासाठी मी २००८ साली छोटं संकेतस्थळ केलं होतं. रोजचा भाव पानावर दिसावा आणि तो त्याला स्वतःला भरता यावा, एवढीच त्याची मागणी. आंबिया बहाराचा माल सुरू झाला तसं त्याने मथळा मराठीत करून मागितला. मी फाइल नोटपॅडमध्ये उघडली, रोमन अक्षरं खोडून 'संत्रा' लिहिलं आणि सेव्ह केली. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. "भाऊ, पासवर्ड बरोबर टाकून राहिलो, तरी आत घेऊन नाही राहिलं."

कोडची एक ओळही मी बदलली नव्हती. घरच्या संगणकावर तीच फाइल नीट चालत होती. कारण सापडायला दोन दिवस गेले, आणि त्या दोन दिवसांत पीएचपी, म्हणजे ते पान ज्या भाषेत लिहिलं होतं ती, नेमकं काय करते हे मला पहिल्यांदा कळलं.

वेबची पहिली पानं म्हणजे नुसत्या फाइली होत्या. ब्राउझरने मागितली की सर्व्हर उचलून द्यायचा. १९९३च्या सुमारास सीजीआय नावाची पद्धत आली आणि मागणी आल्यावर सर्व्हर एखादा प्रोग्राम चालवून पान ताजं तयार करू लागला. पण त्या प्रोग्राममध्ये पानाची प्रत्येक ओळ छापण्याची आज्ञा द्यावी लागे. मथळा छाप, तक्ता सुरू कर, रकाना छाप, तक्ता बंद कर. शंभर ओळींच्या पानात बदलणारी गोष्ट एकच असली, तरी उरलेल्या नव्व्याण्णव ओळीही प्रोग्रामच्या पोटात.

रासमुस लेर्डॉर्फ याने १९९४मध्ये आपला बायोडेटा ऑनलाइन कोण पाहतं हे मोजायला काही साधनं लिहिली आणि जून १९९५मध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली. त्यातून वाढलेल्या पीएचपीने मांडणी उलटी केली. पानाच्या पोटात प्रोग्राम. साधं एचटीएमएल, म्हणजे पानाची मांडणी सांगणारी भाषा, लिहायचं आणि जिथे भाव हवा तिथे एक खास टॅग (कोनी कंसातली खूण) उघडून दोन शब्दांचा कोड ठेवायचा. १९९६मध्ये मायक्रोसॉफ्टचं एएसपी आणि १९९९मध्ये जावाचं जेएसपी याच वाटेने आलं. ज्याला पान बनवता येत होतं त्याला आता जिवंत पान बनवता येऊ लागलं. धंतोली-धरमपेठेतल्या क्लासांत आमची अख्खी पिढी अशीच शिकली. या सरमिसळीला सरसकट नावं ठेवणं मला म्हणूनच पटत नाही.

पीएचपीचा नियम एका वाक्यात मावतो: टॅगच्या आत जे आहे ते चालवायचं, टॅगबाहेर जे आहे ते जसंच्या तसं पुढे पाठवायचं. बाहेरचं एचटीएमएल त्याला कळत नाही. त्याच्या लेखी ती नुसती अक्षरांची रांग असते.

आता माझी चूक. सर्व्हरचं उत्तर दोन भागांत जातं. आधी हेडर, मग पानाचा मजकूर. पाकिटावर पत्ता आणि आत पत्र, तसं. लॉगिन लक्षात ठेवणारी कुकी हेडरमधून जाते, आणि मजकुराचा पहिला बाइट बाहेर पडला की हेडर बंद होतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट घेतं. 'संत्रा' हे काना, अनुस्वार आणि हलंत धरून ६ चिन्हांचं, म्हणजे १८ बाइटांचं. तोवर त्या फाइलीत सगळं रोमन होतं. मराठी आलं म्हणून मी यूटीएफ-८ निवडलं, आणि त्या काळचं नोटपॅड अशा फाइलीच्या अगदी सुरुवातीला ओळखखूण म्हणून आणखी ३ अदृश्य बाइट टाकायचं. पहिल्या टॅगच्याही आधी. म्हणजे टॅगबाहेर. पीएचपीने ते इमानेइतबारे पुढे पाठवले, हेडर बंद झाले आणि कुकी जागेवरच राहिली. घरी चाललं, कारण तिथे पानाचा मजकूर थोडा साठवून मग पाठवायची सोय चालू होती, सर्व्हरवर ती बंद होती. विंडोज १०च्या २०१९मधल्या सुधारणेपासून नोटपॅड ती खूण आपणहून टाकत नाही, पण त्याआधी मराठी पानं करणाऱ्या कितीतरी जणांनी यात रात्री घालवल्या असतील.

याच स्वभावातून दुसरा, जास्त गंभीर धोका निघतो. त्याच पानावर व्यापाऱ्यांसाठी निरोपाची चौकट होती. एकाने आपला ईमेल पत्ता, मेलमधून उचलला की येतो तसा, < आणि > या चिन्हांसकट चिकटवला. पानावर नाव उमटलं, पत्ता गायब. ब्राउझरने त्याला टॅग समजून गिळलं होतं. (आत देवनागरी असती तर पत्ता दिसला असता. टॅगचं नाव रोमन अक्षरानेच सुरू व्हावं लागतं.) पत्त्याचा टॅग होत असेल, तर कोणी मुद्दाम लिहिलेली जावास्क्रिप्टही (ब्राउझर चालवतो तो कोड) चालणार, आणि ती चालणार वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये, त्याच्या लॉगिनसह. याला क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग म्हणतात. ऑक्टोबर २००५मध्ये सॅमी कामकार या तरुणाने मायस्पेस या सोशल नेटवर्कवरच्या आपल्या प्रोफाइलमध्ये असा कोड ठेवला. जो ते पान पाही, त्याच्या प्रोफाइलमध्ये कोड स्वतःची प्रत टाकी. एका दिवसाच्या आत दहा लाखांहून जास्त प्रोफाइलांत तो पोचला.

लग्नपत्रिकेचा कोरा नमुना आठवा. 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' आधीच छापलेलं, पुढे रिकामी जागा. त्या जागेत लिहिलेलं नाव पत्रिकेची किनार बदलू शकत नाही, कारण कागदावर छपाई वेगळी आणि शाई वेगळी. पानात दोन्ही एकाच अक्षररांगेत असतात, म्हणून फरक आपल्याला करून द्यावा लागतो: रिकाम्या जागेत जाणाऱ्या < या चिन्हाऐवजी 'हे नुसतं चिन्ह आहे' असा संकेत लिहायचा. याला एस्केप करणं म्हणतात. जागेनुसार नियमही बदलतात. टॅगच्या गुणधर्मात अवतरणचिन्ह घातक, तर स्क्रिप्टच्या आत आणखी वेगळी अक्षरं. पीएचपीचा जुना दोष असा की हे काम लिहिणाऱ्याच्या आठवणीवर सोडलेलं होतं, आणि चाळीस ठिकाणी आठवण ठेवणारा माणूस एकेचाळीसाव्या ठिकाणी चुकतो.

ट्विगसारखी टेम्प्लेटं, म्हणजे पानाचे तयार साचे, एस्केप करण्याचं काम आपणहून करतात. २०१३मध्ये फेसबुकने पानं बनवण्याचं आपलं रिॲक्ट हे साधन खुलं केलं तेव्हा त्यातल्या जेएसएक्स या लिहिण्याच्या पद्धतीत पुन्हा कोडच्या मांडीला मांडी लावून मार्कअप (एचटीएमएलसारखे टॅग) बसलेलं पाहून अनेकांनी नाकं मुरडली. मला मात्र तिथे मोठा फरक दिसतो. जेएसएक्समधलं मार्कअप ही अक्षरांची रांग नसते. टॅग म्हणजे टॅग आणि मजकूर म्हणजे मजकूर, हे कोडला ठाऊक असतं. रिकाम्या जागेत पडलेलं < तिथे चिन्हच राहतं.

अडत्याचं पान मी नंतर पुन्हा लिहिलं, पीएचपीतच. फाइलीच्या वरच्या भागात भाव वाचणं, पासवर्ड तपासणं, निरोप एस्केप करणं. तिथे टॅग बंद. खाली फक्त पान आणि रिकाम्या जागा. मृग बहार आला तेव्हा मथळ्यातला 'आंबिया' खोडून 'मृग' अडत्याच्या मुलीने स्वतः लिहिलं. मला फोन आला तो तिने हिरवा रंग जरा जास्तच दिलाय का, हे विचारायला.