ट्रॅक्टरचं नाक, रोडस्टरचे पाटे

उसाच्या सीझनला मंगळवेढा रोडला दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर चढावर बघितलाय का, पुढची चाकं हवेत आणि ड्रायव्हर निवांत गाणी ऐकतोय. इंजिन मागचं चाक पुढं फिरवायला बघतं, लोडमुळं चाक फिरत नाही, मग ट्रॅक्टरच चाकाभोवती उलटा फिरायला बघतो. न्यूटनचा तिसरा नियम, बाकी काही नाही. आणि जुन्या रोडस्टरमध्ये, म्हणजे उघड्या टपाच्या दोन सीटच्या गाडीत, मोठं इंजिन टाकणाऱ्यांची झोप हाच नियम उडवतो.

एमजीबी घ्या. १९६२ ला आलेली ब्रिटिश टू-सीटर, १७९८ सीसी, टॉर्क म्हणजे इंजिनचा फिरवायचा जोर, पीळ, साधारण १५० न्यूटन-मीटर. सोलापुरात मी तरी एकही बघितली नाही पण खाली वाकून बघितलं तर आपल्या कुठल्याही मिस्त्रीला ओळखीची वाटेल, अख्खं हाऊसिंग (मागची दोन चाकं जोडणारी आडवी नळी), दोन बाजूला पाटे म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, यू बोल्ट, शॅकल, जुन्या जीपसारखंच सगळं. हौशी लोक यात रोव्हरचं साडेतीन लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही८ बसवतात. ते ॲल्युमिनियमचं आहे, बिडाच्या मूळ इंजिनपेक्षा जड नाही, म्हणून काम सोपं वाटतं. घोळ वजनाचा नाहीच, टॉर्कचा आहे.

कंपनीनं स्वतः १९७३ ला हे इंजिन एमजीबी जीटी या छताच्या गाडीत बसवलं, टॉर्क गेला २६० च्या आसपास. आता हिशोब बघा. मूळ गाडीत पहिला गिअर ३.४ पट, मागं क्राऊन-पिनियन (हाऊसिंगमधले शेवटचे दोन गिअर) ३.९ पट, म्हणजे दोन्ही चाकांना मिळून २००० न्यूटन-मीटर. तोच गिअरबॉक्स, तेच पिनियन ठेवून व्ही८ लावलं तर साडेतीन हजार! ७ मीटर लांब पहारीच्या टोकाला ५० किलोचं सिमेंटचं पोतं टांगलं तर दुसऱ्या टोकाला जेवढा पीळ बसेल तेवढा. कंपनीनं पिनियन ३.०७ चं टाकलं, गाडी कमी आरपीएमवर पळावी म्हणून, पण नुसत्या त्यानं हा पीळही २७०० च्या आसपास आला.

ट्रॅक्टरला हाऊसिंग आणि बॉडी एकच, म्हणून अख्खा ट्रॅक्टर उठतो. इथं हाऊसिंग वेगळं असल्यामुळं पिनियनचं नाकच, म्हणजे हाऊसिंगचं पुढचं टोक, वर उठतं आणि त्याला धरून ठेवायला पाट्यांशिवाय कोणी नाही. पाटा एस अक्षरासारखा वाकतो, मग टायरची पकड सुटते, पाटा झटक्यात सरळ होतो, टायर परत रस्ता पकडतो, पाटा परत वाकतो, हे सेकंदाला कित्येक वेळा, चाकं धाडधाड नाचतात आणि प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागं जाणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसचे, म्हणजे सांध्यांचे, हाल होतात ते वेगळे. याला ॲक्सल ट्रॅम्प म्हणतात.

हे एमआयडीसीतल्या एका मिस्त्रीमामांना सांगितलं तर म्हणाले, "काय डोकं खाऊलालास बे, एक पाटा वाढव की." ट्रकवाल्यांचा उपाय. त्यानं पाटा कमी वाकतो हे खरं, पण गाडी मागून वर उचलते आणि आपल्या खड्ड्यांत मणके ढिले. मुळात पाट्यावर कामं किती, वजन पेलायचं, गाडी पुढं ढकलायची, हाऊसिंग आडवं सरकू द्यायचं नाही आणि वर हा पीळ. तर हे शेवटचं काम काढून घ्यायचं. हाऊसिंगपासून पाट्याच्या पुढच्या बुशजवळपर्यंत (पाटा जिथं बॉडीला अडकतो तिथं) दोन्ही बाजूला एकेक दांडी, तिला ॲंटी-ट्रॅम्प बार म्हणतात. फक्त ती दांडी पाट्याचा पुढचा अर्धा भाग ज्या गोलाईत वर-खाली होतो त्याच गोलाईत फिरली पाहिजे, नाहीतर दोघं एकमेकांशी भांडतात आणि सस्पेन्शन जाम.

पाटे काढून चार दांड्या आणि कॉइल स्प्रिंगही बसवतात, पण मग हाऊसिंग आडवं धरायला आणखी एक दांडी लागते, आणि एमजीबीला वेगळी चासी नाही, सगळा जोर पत्र्यावर येतो, तो आधी मजबूत करावा लागतो. मी तरी आधी दांड्याच लावीन. (आपल्याकडं इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, ते विसरू नका.)

१९९२ ला कंपनीनं आरव्ही८ नावाचा रोडस्टर काढला, ३.९ लिटर, १९० हॉर्सपॉवर, आणि मागं पाटेच. मामांना सांगितलं तर म्हणाले, "मग मी काय म्हणलो?"