पोटखराब जमीन, पण रोशा गवताला 'योग्य'

सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे लागवडीला अयोग्य, म्हणून लागलेला मुरमाड उतार डिजिटल नकाशात रोशा या सुगंधी तेलाच्या गवतासाठी 'योग्य' दिसला, की पहिला संशय नकाशावरच येतो. खरे तर दोन्ही बरोबर असू शकतात. जमिनीची क्षमता वेगळी आणि पिकासाठीची योग्यता वेगळी.

माती वाहून न जाता जमीन किती कसता येईल, ते क्षमता सांगते. १९६१च्या अमेरिकी पद्धतीत तिचे आठ वर्ग आहेत: पहिले चार नांगरटीचे, पाच ते सात गवत, चराई, जंगलाचे, आणि आठवा यातल्या कशालाच न देता निसर्गावर सोडायचा. कोणते पीक घेणार, हे तिथे कोणी विचारत नाही. योग्यता मात्र पिकाचे नाव घेतल्याशिवाय सांगताच येत नाही. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९७६च्या चौकटीत एस-१ ते एस-३ योग्य, एन-१ आणि एन-२ अयोग्य.

रोशाचेच बघा. खानदेश-निमाडात त्याचे तेल पूर्वापार निघते. मोतिया आणि सोफिया हे त्याचे दोन प्रकार दिसायला जवळजवळ सारखेच. उंची तेल देणारा मोतिया निचऱ्याच्या कोरड्या उतारावर, सोफिया ओलसर सखल जागी. म्हणजे क्षमतेत वरचढ असलेली भारी काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून बसत असेल, तर मोतियाला नकोच.

वाळ्याचे उलट. तो पाण्यातही तगतो आणि बांधाची माती धरतो. पण तेल त्याच्या मुळांत. उतारावर मुळे खणली की धरलेली माती मोकळी! तिथे योग्यतेचा नकाशा कितीही हिरवा असो, क्षमतेचा नकाशा काढून बघावाच.

संगणकात उतार, पाऊस, मातीची खोली, निचरा असे थर एकावर एक ठेवून गुण देतात. माझ्या मते घोळ होतो तो सरासरीत. निचऱ्याला शून्य मिळाले, तरी बाकीच्या गुणांवर जमीन पास होते. पीक मात्र सडायचे ते सडतेच. त्यापेक्षा सर्वांत कमकुवत घटकावर श्रेणी ठरवणे बरे.

शिवाय प्रमाण. ३० मीटरच्या चौकोनांत मांडलेल्या उंची-नकाशातला एक चौकोन म्हणजे सुमारे ९ गुंठे. १ : २,५०,००० प्रमाणाच्या मृदा नकाशावर तुमच्या दोन एकरांच्या चौकोनाची बाजू अर्धा मिलिमीटरही भरत नाही. तिथला रंग अख्ख्या परिसराचा. तुमच्या तुकड्यात मुरूम किती खोलीवर लागतो, ते खड्डा घेतल्यावरच कळेल.