दिव्यांग व्यक्तीचं स्वतंत्र जगणं आणि स्मरणसभेतली जागा: नाशिकमध्ये कुठला अर्ज, कुठली कागदपत्रं

दिव्यांग माणूस गेला की दारावर आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतंच, "सुटला बिचारा." घरच्यांकडे बघून वर, "तुम्हीही सुटलात." धडधाकट माणसाच्या मयतीला असं बोलायची कुणाची हिंमत होत नाही. अमेरिकेत ऑटिझम असलेल्या लोकांनीच चालवलेल्या एका संघटनेने २०१२ मध्ये या वृत्तीविरुद्ध स्मरणसभा सुरू केल्या. घरच्यांच्या किंवा सांभाळणाऱ्यांच्या हातून मारल्या गेलेल्या दिव्यांगांची नावं तिथे एकेक करून वाचली जातात. आता दरवर्षी १ मार्चला हा शोकदिन पाळतात. आपल्या नाशिकमध्ये त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २ मार्चला, १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाची आठवण होते. बंद दारापुढे उभं राहणं म्हणजे काय, हे या गावाला वेगळं सांगायला नको.

गेलेल्याची आठवण ठेवायची आणि जिवंत आहे त्याला माळ्यावरच्या खोलीत ठेवायचं, हे मला पटत नाही. म्हणून स्वतंत्र जगण्याचे अर्ज आणि सभेची परवानगी, दोन्हींची माहिती इथे एकत्र देते आहे.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं कलम ५ घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवावं असं आहे. दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि अमुक ठिकाणीच राहा अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही. भावाच्या घरी राहायचं, वसतिगृहात की स्वतःच्या खोलीत, हे तिने ठरवायचं. त्यासाठी लागणाऱ्या मदतनिसासारख्या सेवा तिला मिळाव्यात हेही त्याच कलमात आहे. कलम २९ सांस्कृतिक जीवनाबद्दल आहे. दिव्यांगांच्या इतिहासाचं संग्रहालय उभारावं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. थोडक्यात, आठवणीत जागा हाही हक्कच आहे.

पहिला कागद: दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र)

बाकी सगळं या कागदावर उभं आहे. कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. अंधत्व, बहिरेपण, अस्थिव्यंग लोकांना माहीत असतं; पण सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, मानसिक आजार, ऑटिझम, ॲसिड हल्ल्याने झालेली इजा हेही त्यात येतं. "आमचं कुठं दिसतं" म्हणून अर्जच न करणारी माणसं मी बरीच पाहिली. बहुतेक योजनांना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं, दाखला मात्र त्याहून कमी टक्क्यांचाही निघतो. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार कार्डाचे रंग असे: ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळं, ८० आणि वर निळं.

अर्ज स्वावलंबन कार्ड पोर्टलवर करायचा. मोबाइलवरून जमतो, नाहीतर सेतू किंवा आपले सरकार केंद्रात भरून मिळतो. आधार (नसेल तर आधार नोंदणीचा क्रमांक), सहा महिन्यांच्या आतला फोटो, पत्त्याचा पुरावा आणि उपचाराचे कागद एवढं लागतं. जुना हाताने लिहिलेला दाखला असेल तर तोही स्कॅन करून जोडा. नाव आधारवर जसं आहे अगदी तसंच भरा. 'सौ.' लावलं, आडनाव आधी लिहिलं, एवढ्यावरून पुढे बँकेत पैसे अडकलेले पाहिले आहेत.

तपासणी त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलला होते. कुठल्या प्रकाराची तपासणी कुठल्या वारी आहे हे आधी विचारून घ्या. सुरगाणा, पेठहून पहाटेची एसटी धरून यायचं आणि वार चुकला म्हणून परत जायचं, हे फार जिवावर येतं. येताना मूळ कागद, दोन झेरॉक्स संच, जुने एक्स-रे किंवा ऑडिओमेट्रीचा (ऐकण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट आणा. मतिमंद किंवा ऑटिझम असलेल्या मुलासोबत त्याला रोज सांभाळणारी व्यक्ती असावी, कारण डॉक्टर दिनक्रम विचारतात आणि टक्केवारीत त्याची मोठी मदत होते. एक विनंती कळकळीने करते. त्या दिवशी "तसं सगळं जमतं हो त्याला" असं कौतुकाने सांगू नका. अंघोळ, शी-शू, एकट्याने रस्ता ओलांडणं, पैसे मोजणं, यातलं जे जमत नाही ते न लाजता सांगा.

सुधारणेची शक्यता असेल तर मुदतीचा दाखला मिळतो आणि त्याचं नूतनीकरण करावं लागतं. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. निर्णय मान्य नसेल तर ९० दिवसांत अपील करता येतं. हा दाखला देशभर चालतो, नाशिक सोडून पुण्याला राहायला गेलात तरी.

दाखल्यानंतरचा पैसा

स्वतंत्र राहायचं तर दरमहा काहीतरी हातात लागतं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत किमान ४० टक्के दिव्यांगत्व, वय १८ ते ६५, महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत अशी पात्रता आहे. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी रक्कम दरमहा २,५०० रुपये झाली आहे. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतूमार्फत. सोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी पुरावा, वयाचा पुरावा, दिव्यांगत्वाचा दाखला आणि आधार जोडलेलं बँक खातं. खातं त्या व्यक्तीच्या स्वतःच्या नावावर काढा आणि पासबुक तिच्या हातात द्या. पैसा जिच्या नावाचा आहे तिलाच तो दिसत नसेल तर स्वतंत्र जगण्याची भाषा पोकळ ठरते.

महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांनी ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा आहे. शहरात राहत असाल तर शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात किंवा तुमच्या विभागीय कार्यालयात, गावात असाल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) त्या वर्षीच्या योजना विचारा. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्याच.

पालकत्वाचा अर्ज करण्याआधी थांबा

मूल १८ वर्षांचं झालं की "आता पालकत्व घ्यावं लागेल", म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार, असं सगळे सांगतात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं), मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांत १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली हा अर्ज करता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती तो तपासते. काही जणांना त्याची खरी गरज असते. पण २०१६ च्या कायद्याने मर्यादित पालकत्व आणलं: ठरावीक बाबीपुरतं, ठरावीक काळापुरतं आणि त्या व्यक्तीशी बोलून निर्णय घेणारं. दृष्टिहीन, कर्णबधिर किंवा व्हीलचेअरवरच्या प्रौढ माणसासाठी कुणी पालकत्व सुचवलं तर साफ नाही म्हणा. मदत जास्त लागत असेल तर कलम ३८ आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेली व्यक्ती स्वतः, किंवा तिच्या वतीने संस्था, शासनाने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे विशेष सहाय्यासाठी अर्ज करू शकते.

घाटावर आणि सभेत

आमच्या ओळखीच्या एका घरात आजी गेली. दहाव्याला सगळे रामकुंडावर गेले आणि सेरेब्रल पाल्सी असलेला नातू शेजाऱ्यांकडे. आजीने त्याला वीस वर्षं भरवलं होतं. "पायऱ्यांवरून कसं न्यायचं?" हा प्रश्न खरा होता, पण तो कुणी आदल्या दिवशी विचारलाच नाही. कावळा शिवायची वाट बघताना त्याची आई सारखी फोनकडे बघत होती.

पायऱ्यांबद्दल अर्ज करता येतो. महापालिका आयुक्तांच्या नावे साध्या कागदावर घाटाचं किंवा सभागृहाचं नाव, अडचण आणि मागणी लिहा, फोटो जोडा, पोच घ्या. उतार मागताना माप लिहा: १ ला १२. म्हणजे ४५ सेंटिमीटर चढायचं तर ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबीचा उतार. २०२७ च्या सिंहस्थाची कामं निघत असताना हा अर्ज आत्ताच द्यायला हवा. काँक्रीट पडल्यावर उतार निघत नाही. दाद लागली नाही तर पोच जोडून पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार पाठवा. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी निकालात सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सगळीकडे सहज जाता यावं यासाठीचे, नियम बंधनकारक असलेच पाहिजेत असं म्हटलं आहे. अर्जात त्याचा एका ओळीत उल्लेख करा.

१ मार्चची किंवा कुठलीही स्मरणसभा सार्वजनिक जागी घ्यायची असेल तर ती जागा ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते तिथे लेखी अर्ज द्या: विषय, तारीख, वेळ, अंदाजे संख्या, आयोजकांची ओळखपत्रं. जागा महापालिकेची असेल तर तिची परवानगी, खासगी असेल तर मालकाचं संमतिपत्र. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी मागा आणि रात्री दहाच्या आत आटपा. हे सगळं दोन-तीन आठवडे आधी. मृतांपैकी स्थानिक कुणाचं नाव वाचणार असाल तर घरच्यांची संमती घ्या, जात, व्याधी, पत्ता असलं काही वाचू नका, फक्त नाव आणि वय.

गेल्या खेपेला एका सभागृहात आमच्या मैत्रिणीला चौघांनी खुर्चीसकट उचलून वर नेलं. टाळ्या पडल्या. ती मात्र खाली मान घालून बसली होती, आणि बोलायची पाळी आली तेव्हा मंचाला पुन्हा तीन पायऱ्या. म्हणून जागा ठरवायला जाताना व्हीलचेअर वापरणाऱ्या कुणाला तरी सोबत न्या, दार आणि शौचालय त्यांनाच बघू द्या. भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी आधी ठरवा आणि त्याच्यावर उजेड पडेल असं उभं करा. नावांची यादी मोठ्या अक्षरात छापा, वाचणाऱ्यांत किमान निम्मे दिव्यांग असू द्या. ज्याला बोलता येत नाही त्याने दिवा लावावा किंवा मोबाइलच्या आवाजातून नाव ऐकवावं. आणि मांडववाल्याला बजावून ठेवा: पहिल्या रांगेत एक आड एक जागा खुर्ची न मांडता मोकळी सोडायची.